१/३५ च्या सैनिकावर वुडलँड कॅमोफ्लाज: कोणता रंग आधी, कोणता नंतर

कॅमोफ्लाजचं कामच मुळी माणसाचा आकार मोडण्याचं. पावणेदोन मीटरच्या सैनिकाला जंगलात ते उपयोगी पडतं, पाच सेंटिमीटरच्या फिगरवर, म्हणजे सैनिकाच्या छोट्या मॉडेलवर, मात्र आपल्यावरच उलटतं. घड्या, खिसे, कोपर, खांदा सगळं ठिपक्यांत हरवतं आणि समोर उरतो तो छापील चादर गुंडाळलेला ठोकळा. म्हणून इथे कामं दोन आहेत. आधी नक्षी नीट उतरवायची आणि मग तिने मोडलेला आकार परत उभा करायचा. बहुतेकांचा सगळा जोर पहिल्यावर खर्च होतो आणि दुसरं राहून जातं. काही जण दोन्ही एकदम करायला जातात आणि रंगांचा चिखल होतो.

उदाहरणाला एकच गणवेश घेतलाय: अमेरिकी लष्कराचा १९८१ पासूनचा बीडीयू (लढाईचा गणवेश), म्हणजे चार रंगांचा वुडलँड. फिगर १/३५ ची, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याची, पायदळातला सैनिक, काळ १९८९ च्या पनामा मोहिमेचा. ब्रशने, अ‍ॅक्रिलिक रंगांत. एअरब्रश असेल तर प्रायमर आणि पहिल्या थरापुरता वापरा, नक्षीत त्याचा काही उपयोग नाही. वुडलँडच्या कडा स्पष्ट असतात, धूसर नाहीत.

१. आधी मापाचा हिशेब

१७५ सेंमी उंचीचा माणूस १/३५ मध्ये बरोबर ५ सेंमी होतो. म्हणजे कापडावर साडेसतरा सेंमी लांब असलेला पट्टा फिगरवर ५ मिमी, आणि साडेतीन सेंमी रुंदीची काळी फांदी १ मिमी. हे आकडे कागदावर खरोखरच्या मापात काढून पाहा. बरेच जण आपण बारीक काम करतोय या आनंदात यापेक्षा कितीतरी लहान ठिपके देतात.

इथे फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. वुडलँडची नक्षी म्हणजे जुन्या ईआरडीएल नक्षीचीच मोठी केलेली आवृत्ती. ईआरडीएल १९४८ मधली, व्हिएतनाममध्ये वापरली गेलेली. आकार लहान काढलेत तर १९८९ चा सैनिक जाणकाराला वीस वर्षांनी मागे गेलेला दिसेल.

फोटो निवडताना त्या काळातले, प्रत्यक्ष सैनिकांचे घ्या. हौशी मंडळींच्या अंगावरचे गणवेश अनेकदा बाजारातल्या नकला असतात आणि त्यांतले रंग वेगळेच असतात. निदान एक फोटो पाठमोरा हवा. पाठ रंगवताना सगळ्यांचीच कल्पनाशक्ती संपते.

तपासा: फोटोत छातीच्या एका खिशावर एकूण किती आकार मावलेत ते मोजा. तुमच्या फिगरच्या खिशावर तेवढेच मावले पाहिजेत. यापेक्षा भरवशाची मोजपट्टी नाही.

२. फिगरची तयारी

साच्याच्या जोडरेषा धारदार ब्लेडने खरवडा, मग बारीक सँडपेपर. पँटच्या बाहेरच्या शिवणीवर आणि बाहीच्या आतल्या बाजूला त्या हमखास राहतात. नक्षीखाली झाकल्या जातील असं वाटतं, पण पुढे वॉश (पातळ केलेला गडद रंग) दिला की तो नेमका त्या रेषेत जाऊन बसतो आणि मांडीवर दोरा चिकटल्यासारखं दिसतं.

हेल्मेटसह डोकं, रायफल, पाठीवरचं ओझं आणि छातीसमोर येणारे हात वेगळे ठेवा. ब्रश जिथे सरळ पोचत नाही तिथे नक्षी वाकडीच होते. चिकटवायच्या जागांना मास्किंग टेप लावा. पायात पितळी तार घालून फिगर बुचावर बसवा, म्हणजे बोटं कापडाला लागणार नाहीत. भांडी घासायच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या. फिगर रेझिनची असेल तर ओल्या सँडपेपरनेच घासा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसांना वाईट.

प्रायमर राखाडी. काळा नको, कारण पहिला थर फिकट रंगाचा आहे आणि काळ्यावर तो बसवायला चार-पाच हात मारावे लागतात. तेवढ्यात घड्या बुजतात.

राखाडी वाळला की सरळ डोक्यावरून पांढऱ्याचा एक हलका फवारा द्या आणि मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. प्रकाश कुठे पडतो, सावली कुठे साचते हे आत्ता स्वच्छ दिसतंय. नक्षी आली की हे चित्र गायब होणार आणि आठव्या टप्प्यात तुम्ही चाचपडत बसणार. फोटो काढायला मिनिट लागत नाही, तरी तो कोणी काढत नाही.

३. चार रंग एकत्र मिसळा

चारही रंग एकाच बैठकीत, शेजारीशेजारी मिसळायचे. एकेक करून मिसळलेले रंग एकमेकांना ओळखत नाहीत.

वालेहो कंपनीच्या मॉडेल कलर रंगांमधून सुरुवात अशी करता येते (कंसात रंगाचा क्रमांक):

- वाळूचा रंग: खाकी (७०.९८८), त्यात थोडा बफ (७०.९७६)
- हिरवा: यूएस डार्क ग्रीन (७०.८९३)
- तपकिरी: फ्लॅट अर्थ (७०.९८३), त्यात जर्मन कॅमोफ्लाज ब्लॅक ब्राउनचा (७०.८२२) एखादा थेंब
- काळा: ब्लॅक ग्रे (७०.८६२)

आता उरलेल्या तिन्ही रंगांत वाळूच्या रंगाचा एकेक थेंब टाका. त्याने तिघांचा भडकपणा कमी होतो आणि चौघे एका कापडाचे वाटायला लागतात. लहान मापात गडद रंग जास्तच गडद दिसतात, तेही यात सांभाळलं जातं. शुद्ध काळा बाटलीतच राहू द्या. धुतलेल्या बीडीयूवरचा काळा राखाडीकडे झुकलेला असतो, आणि फिगरवर शुद्ध काळा दिला तर तिथे कापडाऐवजी भोक दिसतं.

प्रत्येक मिश्रण झाकणाच्या बाटलीत थोडं जास्तीचं करून ठेवा. दुरुस्तीच्या वेळी तीच छटा परत जमवण्यात संध्याकाळ जाते.

ओला पॅलेट लागेलच. चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, झालं काम. विदर्भात, पुण्यात एप्रिल-मे महिन्यात कोरड्या पॅलेटवर रंग बघता बघता सालपटतो. तेव्हा रंगात रिटार्डरचा (रंग वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचा) थेंब टाका आणि पंखा बंद करा.

तपासा: चारही रंग प्लॅस्टिकच्या तुकड्यावर लावून मोबाइलने ब्लॅक अँड व्हाइट फोटो घ्या. वाळू सर्वांत फिकट, काळा सर्वांत गडद आणि हिरवा व तपकिरी जवळजवळ सारख्याच करड्या छटेचे दिसले पाहिजेत. तपकिरी हिरव्यापेक्षा ठळकपणे गडद आला तर काळा उठून दिसणार नाही आणि चार रंगांचा गणवेश तीन रंगांचा वाटेल.

४. वाळूचा थर

संपूर्ण कापडावर दोन-तीन पातळ हात. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा.

काही जण हिरव्यापासून सुरुवात करतात, कारण अंगावर हिरवा जास्त दिसतो. चूक म्हणता येणार नाही. पण मग वाळूचे ठिपके वरून द्यावे लागतात, आणि फिकट रंग गडदावर एका हातात कधीच झाकत नाही. दोन-तीन हातांत त्या ठिपक्याला उंचवटा येतो. शिवाय कापडावर वाळूचा रंग हिरव्या-तपकिरीच्या मधल्या फटींतून डोकावतो. फट ही सोडायची गोष्ट, रंगवायची नव्हे. म्हणून तळाला वाळूच.

थर वाळला की ब्रशने अ‍ॅक्रिलिक मॅट वार्निशचा एक पातळ हात द्या आणि रात्रभर राहू द्या. यापुढे नक्षीत चुकलात तर रंग ओला असेपर्यंत ओलसर ब्रशने पुसता येतो, खालचा थर शाबूत राहतो.

५. शिवणींप्रमाणे तुकडे पाडा, मग हिरवा

गणवेश थानातून कापलेल्या तुकड्यांचा शिवलेला असतो. खिसा वेगळा कापलेला, त्याची झाकपट्टी वेगळी, कॉलर वेगळी, बाही वेगळी. त्यामुळे शर्टावरचा तपकिरी पट्टा खिशापाशी आला की तिथेच कापला जातो आणि खिशावर भलतंच काही सुरू होतं. बीडीयूच्या शर्टाला चार मोठे खिसे, पँटला मांड्यांवर दोन पेटीसारखे, आणि कोपर, गुडघे, बसायची जागा इथे जास्तीच्या कापडाची ठिगळं. या प्रत्येक कडेवर नक्षी तुटते. एखाद्या शिंप्याने कदाचित मेळ साधला असता, पण इथे हजारोंनी गणवेश निघत होते.

फिगरवर हे केलं की दोन गोष्टी साधतात. गणवेश खरा वाटतो, आणि मोडलेला आकार आयताच परत यायला लागतो, कारण खिशाची कड नक्षीच्या तुटण्यातूनच दिसते. सलग अंगभर फिरवलेली नक्षी हीच मी पाहिलेल्या बहुतेक फिगरींतली मूळ चूक आहे. एकदा ती डोळ्यांना दिसायला लागली की सगळीकडे दिसते.

तेव्हा एका वेळी एकच तुकडा. उजवा छातीचा भाग, मग खिसा, मग झाकपट्टी. सुरुवात पाठीवरून करा, जिथे पुढे ओझं बसणार आहे. हात बसेपर्यंतच्या चुका तिथे खपून जातात.

ब्रश ० किंवा १ नंबरचा, टोक चांगलं असलेला. तीन शून्यांचा ब्रश घेऊ नका. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, जो मावतो तो कापडापर्यंत पोचण्याआधी टोकावर वाळतो आणि रेघ खरबरीत येते. रंगात साधारण तेवढंच पाणी. ब्रश भरल्यावर एकदा टिश्यूला टेकवा आणि मगच फिगरकडे न्या.

हिरवे आकार मोठे आणि लांबट. कड नागमोडी, पण गोलाई नको. मध्येच एखादं टोक बाहेर आलेलं, एखादी खाच आत गेलेली. आधी बाह्यरेषा काढून आत भरलं तर कडेला जाड किनार राहते. मधून सुरू करून बाहेर ढकलत न्या. लगतचे दोन आकार कधी एकमेकांना चिकटू द्या. सगळे सुटे ठेवले की ठिपकेदार बिबळ्या होतो.

तपासा: हिरवा संपल्यावर फिगर हाताच्या अंतरावर धरा. निम्म्याच्या आसपास वाळू अजून दिसत असली पाहिजे. तपकिरीला आणि काळ्याला जागा लागणार आहे. इथे हात आवरला नाही तर शेवटी वाळू उरतच नाही.

६. तपकिरी

हिरवा पूर्ण वाळल्यावर. तपकिरी आकार हिरव्याच्या शेजारी बसतात, काही ठिकाणी त्याच्यावर चढतात. पट्ट्यांची दिशा हिरव्यासारखीच ठेवा, पण लांबी-रुंदी बदलत राहा. हिरवा-तपकिरी, हिरवा-तपकिरी असा आळीपाळीचा क्रम आपोआप तयार होतो, कारण हाताला लय आवडते. लय लागली असं जाणवलं की ब्रश ठेवा आणि दुसऱ्याच तुकड्यावर जा.

या दोघांत मिळून बराचसा पृष्ठभाग झाकला गेला पाहिजे. वाळू आता फटींत आणि काही बेटांवर उरेल. बेटं पूर्ण बुजवू नका.

७. काळा

काळा सर्वांत वर. तोच सर्वांत कमी आणि तोच सगळ्यांत आधी नजरेत भरणारा. आकार फांदीसारखे: एक आडवा खोडवा, त्याला एक-दोन फाटे, टोकाला निमुळते. तिन्ही रंगांवरून बेधडक जातात. इथे ठिपके नको, रेघाही नको. खोडव्याची रुंदी १ मिमीच्या आसपास, फाटे त्याच्या निम्म्याने.

ब्रश या टप्प्यापुरता अगदी टोकदार हवा आणि रंग हिरव्यापेक्षा किंचित जास्त पातळ. मनगट टेकवा, श्वास सोडताना रेघ ओढा. फाटा खोडव्याकडून बाहेर ओढायचा. टोक आपोआप निमुळतं होतं. उलटं ओढलं तर टोकाला रंगाचा थेंब साठतो.

सावध: काळा घडीच्या खोलगट भागात देऊन सावलीचं काम उरकू नका. कापडाला घडी कुठे पडणार हे छापताना ठाऊक नव्हतं. काळ्याची जागा घड्यांशी जुळली की डोळ्यांना ते लगेच खटकतं.

आता वाळूची बाटली काढा आणि जिथे फटी बुजल्यात तिथे एकेक बारीक टोक परत द्या. हिरव्याच्या कडा जिथे गोल झाल्यात तिथे वाळूने खाच पाडा. ही कापाकापी नव्या आकारांपेक्षा जास्त फरक पाडते. मग मॅट वार्निशचा आणखी एक पातळ हात, आणि किमान एक रात्र विश्रांती.

८. मोडलेला आकार परत उभा करणे

इथपर्यंत सगळं बरोबर झालं असेल तर फिगर सपाट दिसेल. घाबरू नका, ती तशीच दिसायला हवी.

आधी सावली. ब्लॅक ब्राउनमध्ये थोडा हिरवा मिसळा आणि एका थेंबाला सहा-सात थेंब पाणी घाला. ब्रश भरा आणि बहुतेक सगळं टिश्यूवर काढून टाका. जवळपास कोरड्या वाटणाऱ्या ब्रशने काखेत, खिशांखाली, पट्ट्याखाली, गुडघ्यामागच्या चुण्यांत, पायांच्या आतल्या बाजूला सावली द्या. चारही रंगांवरून एकच छटा जाते, म्हणून ते परत बांधले जातात. ब्रश नेहमी उजेडाकडून सावलीकडे ओढा. तो जिथे थांबतो तिथे रंग जास्त पडतो. तीन-चार हात लागतील, प्रत्येकाआधी आधीचा वाळू द्या. दुसऱ्या टप्प्यातले फोटो आता समोर ठेवा.

सावध: तयार वॉश अंगभर ओतू नका. साध्या हिरव्या गणवेशावर ते चालतं. इथे तो वाळूच्या फटी मळवतो आणि इतक्या कष्टाने मिळवलेला चार रंगांतला फरक एका फटक्यात जातो.

मग उजेड. याला पर्याय नाही: प्रत्येक रंग त्याच्याच फिकट छटेने उजळायचा. हिरव्यावर हिरवा अधिक वाळू, तपकिरीवर तपकिरी अधिक वाळू, वाळूवर वाळू अधिक बफ, काळ्यावर राखाडीसर हिरव्याची केसाएवढी रेघ. पांढरा मिसळू नका, खडूसारखं दिसतं. उजेड फक्त वर तोंड असलेल्या जागी: खांदे, घड्यांचे माथे, झाकपट्टीची वरची कड, गुडघा. एखादी घडी हिरव्यातून तपकिरीत जात असेल तर तिची उजळ रेघही हिरव्यातून तपकिरीत बदलली पाहिजे. काम कंटाळवाणं आहे, पण घडी परत दिसायला लागते ती इथेच.

सगळ्या फिगरवर हे करायचं त्राण नसेल तर खांदे, छातीचे खिसे आणि गुडघे एवढं तरी करा. नजर तिथेच जाते.

शेवटी शिवणी आणि खिशांच्या कडा. बर्न्ट अंबर तैलरंग पुठ्ठ्यावर तासभर ठेवा, त्यातलं जास्तीचं तेल पुठ्ठा शोषून घेतो. मग बिनवासाच्या स्पिरिटमध्ये पातळ करून फक्त रेषेला टोक लावा. तो स्वतः धावतो. बाहेर सांडलेला स्वच्छ स्पिरिटच्या ब्रशने टिपा. खालचं वार्निश पक्कं वाळलेलं असेल तरच हे करा.

तपासा: पुन्हा ब्लॅक अँड व्हाइट फोटो. नक्षीकडे दुर्लक्ष करून खांदा, छाती, मांडी ओळखू येतात का? येत नसतील तर नक्षीला हात लावू नका, सावली आणखी दोन हात वाढवा.

९. काय कॅमोफ्लाज आणि काय नाही

हेल्मेटचं आवरण वुडलँड, आणि तेव्हाचं पीएएसजीटी (छर्ऱ्यांपासून बचावाचं) जाकीटही वुडलँड. पण अंगावरचा सरंजाम, म्हणजे पट्टा, खांदेपट्टे, मॅगझिनच्या पिशव्या, पाण्याच्या बाटलीचं आवरण, पाठपिशवी, हे एएलआयसीई पद्धतीचं (अमेरिकी लष्कराची तेव्हाची सरंजामाची पद्धत), साध्या ऑलिव्ह हिरव्या रंगात. नक्षीचा हात लागला की लोक पिशव्यांवरही फांद्या काढतात. ते सोपं काम उगाच अवघड होतं आणि चूकही होते. साधा हिरवा सरंजाम तुमच्या फायद्याचा आहे, गजबजलेल्या नक्षीला त्याने विसावा मिळतो. त्याची छटा गणवेशातल्या हिरव्यापेक्षा जरा वेगळी ठेवा, नाहीतर पट्टा छातीत विरघळतो.

हेल्मेटभोवतीच्या हिरव्या पट्ट्यावर मागच्या बाजूला दोन फिकट चौकटी असतात, अंधारात चमकणाऱ्या. गळ्याशी दिसणारा बनियन तपकिरी. छातीवरच्या नावाच्या पट्ट्या ऑलिव्हवर काळ्या अक्षरांच्या. १/३५ मध्ये अक्षरं काढू नका, काळ्याची तुटक रेघ पुरते. बूट काळे, किंवा जंगल बूट असतील तर वरचं कापड हिरवं.

जाकीट शर्टापेक्षा कमी धुतलं जातं, म्हणून त्याचे रंग किंचित गडद ठेवा. शर्ट आणि पँट एकाच दिवशी मिळालेले असतीलच असं नाही. पँट थोडी विटलेली दाखवायची तर वाळूचा एक अतिपातळ ग्लेझ (पारदर्शक थर) फक्त तिच्यावर.

१०. वार्निश आणि धूळ

शेवटचा थर मॅट. कापडावर कुठेही चमक राहिली की नक्षी प्लॅस्टिकवर छापल्यासारखी दिसते. बूट, बंदूक आणि डोळे त्यानंतर हलक्या सॅटिनने परत जिवंत करा.

कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये स्प्रेचं मॅट वार्निश मारणार असाल तर थांबा. हवेतला ओलावा थरात अडकतो आणि सगळ्या गणवेशावर पांढुरकी साय धरते. उघडीप पडलेली दुपार बघा, डबा आधी कोमट पाण्यात धरा आणि रद्दी तुकड्यावर एक फवारा मारून दहा मिनिटं पाहा. तेही शक्य नसेल तर ब्रशने लावायचं अ‍ॅक्रिलिक मॅट वापरा. बाटली पाच मिनिटं हलवा, कारण मॅटपणा आणणारी पूड तळाशी बसते आणि न हलवता लावलं तर मॅटऐवजी चमक येते.

धूळ बूट, पँटचे घोळ आणि गुडघे इतकीच. पिगमेंट (कोरडी रंगपूड) कोरड्या ब्रशने, अगदी थोडं, आणि वार्निशनंतरच. वार्निशखाली पिगमेंट निम्मं नाहीसं होतं.